ससे कोणी वाढवले? मॅक्वारी बेटाचं प्रकरण

नोव्हेंबर २०११ नंतर दोन वर्षांहून अधिक काळ मॅक्वारी बेटावर शिकाऱ्यांची तुकडी कुत्री घेऊन सशांच्या मागावर हिंडत होती. वारा, गारठा, गुडघाभर चिखल, आणि एवढं चालूनही एकसुद्धा ससा हाती लागला नाही. पण हीच त्या कामाची कमाई होती. ससा न मिळण्यासाठी माणसांना पगार मिळतोय, असं हे बहुधा जगातलं दुर्मीळ काम असावं.

तिथवर पोचायला जवळपास दोनशे वर्षं लागली. त्या काळात माणसाने या बेटावर एक प्राणी आणला, मग दुसरा आणला, मग एकाला मारायला रोग आणला, मग दुसऱ्याला बंदुकीने संपवलं, आणि प्रत्येक वेळी हिशेब भलत्याच ठिकाणी चुकला. सशांचा बंदोबस्त आणि शिकारी प्राण्यांचा बंदोबस्त ही दोन वेगळी कामं समजली की काय होतं, ते समजून घ्यायला याहून चांगलं प्रकरण मला माहीत नाही.

आधी जागा समजून घेऊ. मॅक्वारी हे ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया राज्याच्या अखत्यारीतलं बेट. टास्मानियाच्या आग्नेयेला सुमारे १,५०० किलोमीटरवर, दक्षिण महासागरात. लांबी ३४ किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त पाच, क्षेत्रफळ सुमारे १२८ चौरस किलोमीटर. झाड एकही नाही. उतारांवर उंच झुपक्यांचं गवत, त्यात मॅक्वारीची ती प्रसिद्ध मोठ्या पानांची ‘कोबी’ (आपल्या कोबीशी तिचं नातं नाही, पण स्कर्व्ही हा रोग टाळायला खलाशी ती खात), आणि किनाऱ्यावर पेंग्विन व हत्ती-सील यांची गर्दी. १९९७ मध्ये बेटाला जागतिक वारसा दर्जा मिळाला, तो मात्र प्राण्यांसाठी नाही. समुद्रतळाचा खडक इथे पाण्याच्या वर उघडा पडलेला दिसतो, त्या भूशास्त्रासाठी आणि निसर्गसौंदर्यासाठी.

आणखी एक खुलासा. मराठीत ‘ससा’ हा एकच शब्द दोन वेगळ्या प्राण्यांना पुरतो, आणि त्याने इथे गोंधळ होतो. आपल्या माळरानावर दिसतो तो ससा बीळ खणत नाही. तो गवतात दबून बसतो, आणि त्याची पिल्लं अंगावर केस घेऊन, डोळे उघडेच असताना जन्मतात. मॅक्वारीवरचा ससा युरोपीय. तो टोळीने राहतो आणि जमिनीखाली बिळांचं जाळं विणतो. त्याची पिल्लं उघडीनागडी, आंधळी, बिळाच्या उबेत वाढतात. मादीचे दिवस महिन्याभरात भरतात आणि विल्यानंतर काही तासांत ती पुन्हा गाभण राहू शकते. पुढचं सगळं रामायण या दोन गोष्टींवर, बिळावर आणि पिल्लांच्या वेगावर उभं आहे.

पोपट आणि मांजरं

बेट सापडलं १८१० मध्ये, सील मारणाऱ्या जहाजाला. कातडी आणि तेलासाठी माणसांचे तळ पडले आणि जहाजांवरची मांजरं किनाऱ्यावर उतरली. १८२० मध्ये रशियन दर्यावर्दी बेलिंग्सहाउझेन इथे आला तेव्हा रानटी झालेली मांजरं बेटावर होती, आणि बेटाचा स्वतःचा पोपटही होता. झाड नसलेल्या बेटावरचा पोपट, म्हणजे गवताच्या झुपक्यात जमिनीवर घरटं करणारा. मांजराला याहून सोपी शिकार कुठली?

तरीही पुढची साठएक वर्षं पोपट आणि मांजरं दोन्ही टिकली. मग १८७८च्या सुमारास सीलवाल्यांनी खाण्यासाठी म्हणून ससे आणून सोडले. थोडं आधी न्यूझीलंडचा वेका हा न उडणारा पक्षीही त्याच कारणासाठी आणला होता. आणि १८९०च्या आसपास पोपट संपला. त्याच्या मागोमाग बेटावरची पाणकोंबडीच्या जातीचं एक पाखरूही गेलं.

ससा पोपट खात नाही. मग साठ वर्षं तग धरलेला पक्षी ससे आल्यावर दहा-पंधरा वर्षांत का संपला? याचं उत्तर १९७९ मध्ये रोली टेलर या न्यूझीलंडच्या संशोधकाने मांडलं. हिवाळ्यात समुद्रपक्षी बेट सोडून जातात. तेव्हा मांजरांची उपासमार होई आणि त्यांची संख्या आपोआप आटोक्यात राही. ससे आले आणि मांजरांना बारमाही कोठार मिळालं. हिवाळ्यात मरायची ती मांजरं जगली, वाढली, आणि वाढलेल्या तोंडांना जाता-येता पोपटही पुरू लागला. म्हणजे पोपट मारला मांजराने, पण मांजराला पोसलं सशाने.

हे सूत्र हातात धरून ठेवा. पुढे शंभर वर्षांनी ते उलटं फिरलं.

डास नसलेल्या बेटावर रोग पसरवायचा कसा

१९७०च्या दशकाच्या अखेरीस बेटावर सुमारे दीड लाख ससे होते. १२८ चौरस किलोमीटरमध्ये दीड लाख, म्हणजे सरासरीने चौरस किलोमीटरला हजारावर. उतारांवरचं उंच गवत मुळापर्यंत खाल्लेलं, खाली बिळांनी पोखरलेलं. इथे एक गोष्ट नोंदवून ठेवू: मांजरं या सगळ्या काळात बेटावर होतीच. ती असतानाच ससे दीड लाखांवर गेले.

मिक्सोमॅटोसिस हा विषाणूचा रोग ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर १९५० पासून सशांविरुद्ध वापरात होता. तिथे तो डासांनी पसरवला. मॅक्वारीवर डास नाहीत. म्हणून आधी वाहक आणावा लागला, तो म्हणजे युरोपीय सशाची पिसू, १९६८ मध्ये. ही निवड मोठी चतुराईची होती. या पिसवेचं प्रजनन सशाच्या मादीच्या गाभणपणातल्या संप्रेरकांशी बांधलेलं असतं. ती पिल्लांच्या जन्माच्या वेळीच अंडी घालते, त्यामुळे नव्या पिढीच्या अंगावर ती आपोआप चढते. पिसू बेटभर रुजायला दहा वर्षं दिली आणि १९७८ मध्ये विषाणू सोडला.

ससे धडाधड मेले. १९८०च्या दशकात संख्या वीस हजारांच्या खाली आली. गवत आणि कोबी पुन्हा वर आली, उतार हिरवे झाले. नियंत्रणाच्या कामात असं यश क्वचित मिळतं.

पण ते यश फुकटचं नव्हतं, आणि कायमचंही नव्हतं. कायमचं नव्हतं, कारण रोग एकदा सोडून भागत नाही. जे ससे वाचतात त्यांची पिल्लं चिवट निघतात, शिवाय सशांची गर्दी विरळ झाली की रोग एका टोळीतून दुसरीकडे पोचत नाही. म्हणून बेटावरचे वनरक्षक दरवर्षी नव्याने विषाणू सोडत. हा नळ होता, कोणीतरी रोज येऊन उघडायचा. आणि फुकटचं नव्हतं, कारण मांजरांचं कोठार रिकामं झालं होतं.

मांजरांचा नंबर

भुकेली मांजरं समुद्रपक्ष्यांकडे वळली. वर्षाला साठ हजारांपर्यंत पक्षी ती मारत असावीत, असा अंदाज तेव्हा मांडला गेला. बिळात घरटं करणारे पेट्रेल पक्षी यात सर्वांत जास्त भरडले गेले. रात्री समुद्रावरून येऊन जमिनीवर उतरायचं आणि अडखळत बिळाकडे चालत जायचं, ही त्यांची पद्धत. मांजर वाटेत बसलेलंच.

तेव्हा मांजरं काढायची ठरली. १९८५ पासून पिंजरे, पाय पकडणारे सापळे आणि रात्री दिवा लावून बंदूक, असं काम सुरू झालं. पहिली बारा-तेरा वर्षं मनुष्यबळ तोकडं होतं. जितकी मांजरं मारली जात, जवळपास तितकी पुन्हा जन्मत. ही मोहीम नव्हती, कापणी होती. पीक दरवर्षी येतच होतं. १९९८ मध्ये पुरेसा पैसा आणि माणसं आली तेव्हा चित्र बदललं आणि जून २००० मध्ये शेवटचं मांजर मारलं गेलं. सगळी मिळून सुमारे अडीच हजार. (वेका त्याआधीच, १९८८ मध्ये संपवले होते.)

राखाडी पेट्रेल परत येऊन घरटी करू लागले. आनंदीआनंद. आणि मग ससे वाढायला लागले.

२००५-०६ पर्यंत ते पुन्हा एक लाख तीस हजारांच्या घरात गेले. डोंगरउतार बोडके झाले. सप्टेंबर २००६ मध्ये लुसिटानिया खाडीपाशी, जिथे राजा पेंग्विनांची मोठी वसाहत आहे, तिथे पावसानंतर दरड कोसळली आणि पेंग्विन गाडले गेले. मुळं धरून ठेवणारं गवतच उरलं नव्हतं.

आळ कोणावर?

जानेवारी २००९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या अंटार्क्टिक विभागातल्या डॅना बर्गस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: मांजरं काढली, म्हणून ससे मोकाट सुटले आणि बेट उजाड झालं. जगभरच्या वर्तमानपत्रांना ही बातमी आवडली. ‘पक्षी वाचवायला गेले आणि बेट गमावून बसले’ ही गोष्ट चार ओळींत सांगता येते आणि सांगणाऱ्याला शहाणं दाखवते.

त्याच वर्षी जॉन डाउडिंग आणि इतर संशोधकांनी उत्तर दिलं. मांजरांचा वाटा फुगवून सांगितलाय, खरं कारण रोगाचा जोर ओसरणं हे आहे, असं त्यांचं म्हणणं.

मी दोन्ही बाजू वाचून दुसऱ्या गटाकडे झुकतो, पण पूर्ण नाही. झुकण्याचं कारण वर नोंदवून ठेवलंच आहे. मांजरं हजर असतानाच ससे दीड लाखांवर गेले होते. जो पहारेकरी असताना एकदा घर लुटलं गेलं, त्याला काढल्यामुळे दुसऱ्यांदा लुटलं गेलं असं म्हणायचं तर पुरावा भक्कम हवा. शिवाय १९९९ मध्ये प्रयोगशाळेत त्या विषाणूचं उत्पादन थांबलं. साठ्यात होता तेवढा जपून वापरला, आणि २००६ मध्ये तोही संपला. म्हणजे मांजरं गेली आणि रोगाचा नळ आटला, हे जवळजवळ एकाच वेळी घडलं. दोन गोष्टी एकत्र बदलल्या की श्रेय किंवा दोष एकीलाच देणं धोक्याचं.

पूर्ण न झुकण्याचं कारण असं. शिकारी प्राणी भक्ष्याला कधी रोखू शकतो? भक्ष्य आधीच विरळ असेल तेव्हा. दीड लाख सशांपुढे काहीशे मांजरं म्हणजे दर्यात खसखस. पण रोगाने संख्या दहा-वीस हजारांवर आणून ठेवल्यावर तीच मांजरं जन्मलेल्या पिल्लांतली बरीचशी उचलत असणार, आणि मग त्यांचा भार जाणवतो. म्हणजे मांजर एकट्याने ससा रोखत नव्हतं, रोगाने दाबलेल्या सशाच्या छातीवर ते बसलं होतं. मांजर उठवताना रोगाचा हात पक्का आहे ना, एवढं बघायला हवं होतं. आणि तो पक्का नाही हे दिसत होतं. त्यामुळे माझ्या मते चूक मांजरं काढण्यात नव्हती. सशांसाठीची पुढची योजना तयार नसताना ती काढली, यात होती.

त्याच्या उलट, मांजरं तशीच ठेवायची होती का? तर पोपटाचा इतिहास आठवावा. परक्या सशावर पोसलेलं परकं मांजर ठेवायचं म्हणजे पेट्रेलांचं रक्त व्याज म्हणून देत राहायचं.

फास का नाही?

हे वाचताना अनेकांच्या मनात येतं ते साधं आहे. ससे मारायचेत ना, मग फास लावा, सापळे लावा, बंदुका द्या. हजारो वर्षं माणूस सशाला फासातच धरत आलाय.

फास हे अत्यंत हुशार हत्यार आहे, हे आधी मान्य करू. ससा बिळापासून चरायच्या जागेपर्यंत रोज त्याच पायवाटेने जातो, आणि उड्याही ठरावीक ठिकाणी टाकतो. दोन उड्यांच्या मधली जागा ओळखून, जमिनीपासून चार बोटं वर तारेचं वेटोळं उभं केलं की बाकीचं काम ससा स्वतःच्या जोराने करतो. पण हे हत्यार भांड्यात मांस आणण्यासाठी घडलंय. शेवटचा ससा संपवणं हे त्याचं काम नाही.

एक तर फास निवड करत नाही. ज्याचं डोकं आत गेलं त्याचा तो. मॅक्वारीच्या उतारांवर सशाची वाट आणि पेट्रेलची वाट शेजारी-शेजारी जाते, कित्येकदा एकच असते. दुसरं असं की फासात अडकलेला ससा सकाळपर्यंत तिथेच असतो, जिवंत किंवा मेलेला. रात्री फिरणाऱ्या शिकारी प्राण्याला ही मांडून ठेवलेली पंगत. जिथे मांजर, कोल्हा, गिधाडासारखे मेलेलं खाणारे पक्षी आहेत तिथे फासांची ओळ काही दिवसांतच त्यांना पाठ होते. पारध्याला सकाळी तार आणि केसांचा पुंजका मिळतो, आणि शिकाऱ्यांची संख्या त्याच्याच हाताने वाढते. म्हणून फास लावणाऱ्याने पहाटे फेरी मारायची असते, तीही रोज. जनावराचे हाल थांबवायलाही तेच हवं. चौतीस किलोमीटरच्या, रस्ता नसलेल्या बेटावर ही फेरी कोण मारणार?

आणि सगळ्यात मोठं कारण साध्या हिशेबाचं आहे. समजा सशांची संख्या वर्षात दुप्पट होते. मग दरवर्षी निम्मे मारले तरी पुढल्या वर्षी आपण तिथेच. उलट, उरलेल्यांना गवत जास्त मिळतं, पिल्लं जास्त जगतात. मांजरांच्या पहिल्या बारा वर्षांत हेच झालं होतं. समूळ काढायचं तर तीन गोष्टी एकदम लागतात: जन्मापेक्षा मरण वेगाने व्हायला हवं, बाहेरून नवा प्राणी यायला नको, आणि बेटावरच्या प्रत्येक सशापर्यंत, अगदी तिरसट, बिळाबाहेर न येणाऱ्या म्हातारीपर्यंत, काहीतरी पोचायला हवं. बाहेरून कोणी येणार नाही ही हमी बेटाने स्वतःच दिली होती. बाकीच्या दोन फासाने होण्यासारख्या नव्हत्या.

आकाशातून

जून २००७ मध्ये ऑस्ट्रेलियाचं केंद्र सरकार आणि टास्मानिया सरकार यांनी मिळून २ कोटी ४६ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरची योजना मान्य केली. ससे, उंदीर आणि घुशी, तिन्ही एकदम. एकदमच का, हे आता वेगळं सांगायला नको. ससे काढून उंदीर-घुशी ठेवल्या असत्या तर पुन्हा एक नवी कहाणी सुरू झाली असती.

हत्यार ब्रोडिफॅकूम. रक्त गोठण्यासाठी लागणारं के जीवनसत्त्व शरीरात पुन्हा वापरात येऊ न देणारं विष, धान्याच्या गोळ्यांत घातलेलं. परिणाम व्हायला काही दिवस लागतात, म्हणून प्राणी गोळीचा संशय घेत नाही. हेलिकॉप्टरखाली बादली टांगायची आणि उपग्रहाच्या मदतीने आखलेल्या पट्ट्यांवर, एकावर एक थोडी चढवत, सगळं बेट शिंपून काढायचं. हंगाम हिवाळ्याचा. तेव्हा सशांची वीण थांबलेली असते, खायला कमी असतं, आणि बरेच पक्षी बेटाबाहेर असतात.

२०१० च्या हिवाळ्यात पहिला प्रयत्न फसला. जहाज उशिरा पोचलं, मग हवा खराब. आठवडेच्या आठवडे हेलिकॉप्टरं जमिनीवर बसून. बेटाचा जेमतेम आठ टक्के भाग झाला आणि मोहीम गुंडाळली. आणि त्या आठ टक्क्यांतही नको ते मेले. विषाने मेलेले ससे खाऊन स्कुआ, मोठे जायंट पेट्रेल, केल्प गल हे पक्षी शेकड्यांनी गेले. ‘रोगापेक्षा औषध भयंकर’ म्हणणाऱ्यांना आता पुरावा मिळाला होता.

थांबून फेरविचार झाला, आणि तिथे जी युक्ती निघाली ती मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत शहाणी वाटते. पक्षी मरतात कशाने? मेलेल्या सशांनी. मग विष टाकण्याआधीच ससे कमी करा, तेही विष नसलेल्या मार्गाने. फेब्रुवारी २०११ मध्ये कॅलिसी विषाणू सोडला. हा सशांना रक्तस्रावाने मारणारा वेगळा रोग. तो ससा आजारी पडल्यावर दोन-तीन दिवसांत संपवतो आणि त्याचं मेलेलं शरीर खाणाऱ्या पक्ष्याला काहीही करत नाही. बहुतेक ससे हिवाळ्याआधीच गेले. उमद्या वयाचे गेले असं म्हणायला हवं, कारण अगदी लहान पिल्लांवर या विषाणूचा विशेष परिणाम होत नाही. पण ती पिल्लं पुढे गोळ्या खायला होतीच.

२०११ च्या हिवाळ्यात हवेने साथ दिली. मे ते जुलै या काळात चार हेलिकॉप्टरांनी सगळं बेट शिंपलं. माणसं जमिनीवर मेलेली जनावरं वेचून पुरत होती, म्हणजे स्कुआंच्या तोंडी कमी लागावीत. तरीही दोन्ही वर्षांचे मिळून दोन हजारांहून अधिक पक्षी मेले. हा आकडा लपवला गेला नाही, आणि मीही तो इथे तळटीपेत ढकलणार नाही. मॅक्वारीसारख्या ठिकाणी दोन हजार पक्षी म्हणजे काय, याचा तोल प्रत्येकाने आपापला करावा. वर्षाला साठ हजारांचा मांजरांचा हिशेब दुसऱ्या पारड्यात आहे.

तेरा

विष टाकून झाल्यावर सशांच्या मागे माणसं लागली. आता फास, सापळा, बंदूक, बिळात सोडायचा धूर ही सगळी जुनी हत्यारं कामाला येतात, कारण संख्या हजारांत नसते, बोटांवर मोजण्याइतकी असते. आधी फासाला नाव ठेवलं ते चुकीच्या वेळेसाठी. पण इथेही खरं हत्यार तार नव्हती, नाक होतं.

कुत्री खास शिकवलेली. सशाचा वास आला की खूण द्यायची, आणि पेंग्विन, पेट्रेल, सील यांच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही. ही दुसरी अट पहिलीपेक्षा अवघड. समोर हजारो पेंग्विन गोंगाट करतायत आणि कुत्र्याने मात्र गवतातली एक वाळकी लेंडी शोधायची. बेटाचे तुकडे पाडून प्रत्येक शिकाऱ्याला एक दिला. ताजी लेंडी, कुरतडलेलं पान, उकरलेली माती, असा माग काढत एक-एक जागा पुन:पुन्हा तपासायची.

एवढ्या सगळ्यातून वाचलेले ससे निघाले फक्त तेरा. शेवटचा नोव्हेंबर २०११ मध्ये. आता विचार करा, हे तेरा सोडून दिले असते तर? एक जोडी पुरते. १८७८ ला काय लाखो आणले होते?

म्हणून सुरुवातीला सांगितली ती पायपीट. शेवटचा ससा मिळाल्यावरही शिकारी दोन वर्षांहून अधिक काळ चालत राहिले. सगळ्या मोहिमेत मिळून सुमारे ९२,००० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीला दोन वेढे पूर्ण आणि वर थोडे. शेवटी उंदीर-घुशींचा वास काढणारी कुत्री आणून पुन्हा सगळं तपासलं. एप्रिल २०१४ मध्ये बेट मुक्त झाल्याचं जाहीर झालं.

स्कुआ

गवत परत आलं. इतकं की जिथे शिकारी सहज चालत तिथे आता झुपक्यांतून वाट काढावी लागते. कोबीची पानं पुन्हा मोठी झाली. निळे पेट्रेल बेटाच्या मुख्य भागात घरटी करू लागले.

स्कुआंचं मात्र वेगळं झालं. तपकिरी स्कुआ हा इथला मूळचा शिकारी पक्षी, कोणी आणलेला नाही. शंभरावर वर्षांत त्यालाही सशाची चटक लागली होती. उघड्या उतारावर ससा पकडणं सोपं, आणि रोगाने मेलेला मिळाला तर आणखी सोपं. विषाच्या मोहिमेत तो मेला, आणि मोहीम यशस्वी झाल्यावर त्याचं अन्नही गेलं. वर आता गवत वाढलंय, त्यामुळे बिळात शिरणारे पेट्रेलही त्याला पूर्वीसारखे सहज दिसत नाहीत. घरटी कमी झाली, पिल्लंही कमी जगतात.

संशोधक ती घरटी मोजतायत. पण किती असायला हवीत, याला जुना आकडा नाही. ससे उतरले त्याआधी सीलवाल्यांनी तेलाची पिंपं मोजली होती, स्कुआ कोणी मोजले नव्हते.